धुराच्या गाडीची वाट पाहणाऱ्या नातीस

चि. सानूस,


तीन दिवसांत तीन तक्रारी केल्यास म्हणे, धुराची गाडी येत नाही म्हणून. तुझ्या रागाचं मला काही वाटत नाही गं, इमारतीतल्या लोकांची काळजी आहे म्हणूनच तू रागावतेस. मला धास्ती वाटते ती तुझ्या घाईची. मुंबईत डासांच्या अळ्या शोधत माझी नोकरी सरली, त्यामुळे त्या गाडीमागे धावणारी पोरंही मी पाहिलीत आणि धूर विरला की दुसऱ्या दिवशी हजर होणारे डासही. त्या धुरात औषध थोडं, बाकी सगळं डिझेल. उडता डास मरतो, पाण्यातल्या अळीला पत्ताही नसतो, आणि तळमजल्यावरच्या काकांचा दमा मात्र उसळतो. साथ असेल तिथे मारावा लागतो धूर, नाही कशाला म्हणू?

आम्ही पहाटेच शिडी, टॉर्च नि लांब दांड्याची पळी घेऊन निघायचो. (पहाट कशी असते ते तुला एकदा दाखवायचंय.) टाकीवर सावली पडली की अळ्या सरसर तळाशी जातात, म्हणून जरा बाजूला, गप्प उभं राहायचं. हळूहळू त्या वर येतात. पाण्याला चिकटून आडवी पडलेली मलेरियाच्या डासाची. डोकं खाली करून लोंबकळणारी डेंग्यूच्या, नाहीतर गटारातल्या डासाची. मी एकदा घाईत पळी बुडवली, वहीत ‘अळी नाही’ लिहून मोकळा झालो, आणि पंधरा दिवसांनी त्याच इमारतीत ताप निघाला.

अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. पण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात नि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. तेव्हा कुंडीखालची ताटली नुसती उपडी करून भागत नाही, काथ्याने घासावी लागते. तुझी आजी तर ते पाणीही वाया घालवत नाही, कुंडीतल्या मातीतच ओतते. मातीत अळी जगत नाही.

तुमच्या इमारतीसमोर बांधकाम चाललेल्या टॉवरच्या धुळीचंही असंच. २०२३च्या ऑक्टोबरात पालिकेने नियम काढले: ७० मीटरहून उंच बांधकामाभोवती निदान ३५ फुटी पत्रे, ओलं कापड, राडारोडा झाकून नेणं. पत्रे रस्त्यावरून दिसतात, म्हणून ते लागतात. खरी मेख ट्रकच्या चाकांत आहे. चाकांचा चिखल फाटकाशी धुतला नाही, तर तो रस्त्यावर सांडतो, सुकतो आणि दिवसभर तुमच्या खिडक्यांत येतो. ‘फार धूळ आहे’ असं लिहिण्यापेक्षा एक सकाळ तिथे उभी राहा, न धुतलेल्या गाड्यांचे नंबर आणि वेळ वहीत टिपून घे, नि तो कागद वॉर्डात दे. असा कागद बाजूला सारणं साहेबालाही जड जातं.

रविवारी पहाटे सहाला येतोय, तुमची टाकी बघायला. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून शनिवारी रात्रीच मागून ठेव.

तुझा,
आजोबा