झाड चांगले, मग अर्क वाईट का?



"गांजाचे झाड देवानेच निर्माण केले, मग ते वाईट कसे?" असा प्रश्न आपले काही तरुण विचारतात. तो टाळून चालणार नाही. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वर बी देणाऱ्या वनस्पती माणसाला सोपवतो आणि आपली निर्मिती चांगली आहे असे पाहतो. तेव्हा झाड वाईट नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य करू या.

पण आज बाजारात झाडापेक्षा त्याचा अर्क अधिक घातक ठरत आहे. पानांची भांग, फुलोऱ्याचा गांजा आणि फुलोऱ्यावरची राळ वेगळी काढली की चरस. रसायनांच्या साहाय्याने हीच राळ आणखी शुद्ध केली की हशीश तेल किंवा मेणासारखा गोळा तयार होतो. नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य गांजात साधारणपणे शंभरात वीस भागांच्या आत असते. अशा अर्कांत ते साठ-ऐंशीपर्यंत जाते. चरस चिलमीतून किंवा तंबाखूत मिसळून ओढतात. तेलाची वाफ पेनासारख्या दिसणाऱ्या नळीतून घेतात. वास कमी, म्हणून घरच्यांना पत्ताही लागत नाही. अमेरिकेत २०१९ साली अशा नळ्यांमुळे फुप्फुसाच्या आजाराची साथ पसरली. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ जण दगावले. रुग्णांपैकी बहुतेकांनी टीएचसीचे पदार्थ ओढले होते.

मग अर्क काढणे हेच पाप आहे का? नाही. औषधेही अर्कच असतात. याच झाडातले कॅनाबिडिऑल हे दुसरे द्रव्य शुद्ध करून फिट्सच्या काही दुर्मीळ आजारांवर वापरतात; अमेरिकेत २०१८ साली त्या औषधाला मान्यता मिळाली. प्रश्न आहे तो हेतूचा. संत थॉमस अक्वायनस दारूबाजीचा विचार करताना पेयाला दोष देत नाहीत. जाणूनबुजून आपली विवेकबुद्धी गमावणे, याला ते पाप म्हणतात. द्राक्षारसाचा पेला जेवणासोबत घेता येतो, अर्ध्यावर ठेवताही येतो. नशेसाठी काढलेल्या अर्कातून मात्र नशा सोडून बाकी सारे वगळलेले असते. तेथे संयमाला जागाच उरत नाही. आणि ज्या विवेकात देवाची हाक ऐकू येते, तोच आपण विझवतो.

येथे आपणा वडीलधाऱ्यांनाही एक सांगणे आहे. व्यसनात सापडलेल्या मुलाला आपण 'चरसी' म्हणून मोकळे होतो, तेव्हा आपणही त्याचा अर्कच काढतो. त्याच्यातला मुलगा, भाऊ, गायनमंडळातला गोड गळा, सारे वगळून एक दोष तेवढा उरवतो. देव कोणाकडेही असे पाहत नाही.

म्हणून मारझोड नको, लपवाछपवीही नको. स्वतःच्या सेवनासाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणारा व्यसनी स्वखुशीने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. आधी त्याला डॉक्टरांकडे नेऊ या. चर्चचे दार तर उघडेच आहे.

प्रभू आपणा सर्वांना विवेक आणि धीर देवो.