बिनलढाईचे स्वार

आपल्या बोलण्यातून घोडा अजून गेलेला नाही. काम अडले की नेमके तिथेच आपले घोडे पेंड खाते, उशीर झाला की वरातीमागून घोडे येते, आणि नको तितकी माणसे गोळा केली की ती खोगीरभरती ठरते. शिलेदार, पागे, चाबुकस्वार ही मंडळी आडनावांच्या रूपाने आपल्या शेजारीपाजारी नांदत आहेत. भाषेने घोडा जपला, खोगीरही जपले. खोगिरावर मांड ठोकून बसणारा माणूस मात्र तिच्या हातून निसटला. शिवकालातला स्वार आपल्याला ठाऊक असतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मुले त्याला हौसेने उभा करतात. परंतु १९१८ साली पहिले महायुद्ध संपले आणि १९३९ साली दुसरे पेटले, त्या मधल्या वीस-एकवीस वर्षांत जे हजारो स्वार भल्या पहाटे उठून घोड्यांना खरारा करत होते, त्यांची आठवण ठेवण्याचे आपल्याला काही कारण आहे काय?

तुळजापुरात हा प्रश्न मला अधिक टोचतो. नवरात्रात इथे आईची भवानी तलवार अलंकार महापूजा बांधतात. देवी शिवरायांना तलवार देते आहे, असे ते रूप. या क्षेत्राच्या स्मृतीत शस्त्राला केवढे स्थान आहे! आणि याच तालुक्यातल्या नळदुर्गाचा रिसाल्याशी आणखी एक संबंध आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. १८५३ साली निजामाने इंग्रजांशी तह केला आणि हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि हा धाराशिवकडचा मुलूख त्यांच्या हवाली केला. नळदुर्गाचा कारभार मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला. धाराशिव आणि रायचूर १८६० साली निजामाला परत मिळाले. पण तोवर इथल्या कुणब्याने भरलेला शेतसारा त्या फौजेच्या नावावर जमा होत होता. टेलरसाहेबांनी पुढे तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, आत्मचरित्रही लिहिले. लेखणी हाती होती तो उरला. सारा भरणारा आणि त्या पैशातली चंदी तोबऱ्यात घालणारा, दोघेही नाहीसे झाले.

त्याच कंटिंजंटच्या रिसाल्यांतून पुढे डेक्कन हॉर्सच्या पलटणी झाल्या. विसाव्या डेक्कन हॉर्सचे स्वार १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या रणभूमीवर, भाले सरसावून मशीनगनच्या तोंडावर गेले. हे पुस्तकांत आहे. १९२१च्या सुमारास सरकारने एकोणचाळीस रिसाल्यांचे एकवीस केले, तेव्हा विसावी आणि एकोणतिसावी मिळून एक पलटण झाली, हेही पुस्तकांत आहे. त्यापुढची पाने मात्र विरळ होत जातात.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट मोडली. शिलेदारीची पद्धत ही आपली जुनी चाल. इंग्रजांनी तो शब्दच उचलला होता. स्वाराने घोडा स्वतःचा आणायचा, नाही तर घोड्याची किंमत पलटणीत भरायची. पगार मिळेल त्यात स्वतःचे पोट भरायचे आणि घोड्याचेही. घोडा मेला तर घरातले कर्ते माणूस गेल्यासारखे होई. समुद्रापलीकडच्या युद्धात असे घोडे पुरवणे जमेना, म्हणून युद्धानंतर ही पद्धत रद्द झाली आणि घोडा सरकारी झाला. मराठेशाहीत स्वतःच्या घोड्यावर बसणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. म्हणजे एका हुकुमाने सारे शिलेदार बारगीर झाले! त्या दिवशी ठाणावरच्या घोड्याला थोपटताना, हा आता आपला नाही, हे एखाद्या स्वाराला कसे वाटले असेल? त्याचे उत्तर कुठल्या हुकुमात सापडणार?

पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांचे शब्द आज आपल्याला वाचायला मिळतात, ते का? सरकारचा त्यांच्यावर विश्वास नव्हता म्हणून. त्यांची पत्रे फोडून तपासली जात, उतारे भाषांतर करून वरिष्ठांकडे पाठवले जात. ती दप्तरे राहिली, म्हणून तो आवाज राहिला. शांतता आली, तपासनीस घरी गेला आणि स्वार मुका झाला. खरारा, चंदी-वैरण, कवायत, नेझाबाजी, रजेची वाट पाहणे: यात सरकारला टिपून ठेवण्याजोगे काय होते? सत्ता ज्याला भिते किंवा ज्याचा तिला उपयोग होतो, तेवढेच ती जपते. बाकीचे जपायला घरच लागते.

कुणी म्हणेल, हे परक्या राज्याचे चाकर. त्यांचे कौतुक कशाला? संस्थानी स्वारांबद्दल तर हा प्रश्न आणखी तीव्र आहे. दिल्लीच्या तीनमूर्ती चौकातल्या १९२२च्या स्मारकात हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या तीन संस्थानांचे तीन स्वार उभे आहेत. हैदराबादचे लान्सर म्हणजे निजामाची फौज. रझाकारांचा जाच मराठवाड्यातल्या किती घरांनी सोसला! १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली आणि तिच्या चिलखती गाड्या जळकोटच्या दिशेने गेल्या, तो दिवस इथे सुटकेचा होता. हे दुःख खरे आहे आणि ते कुणी पुसू नये.

परंतु आठवणे आणि गौरवणे यांत अंतर आहे. साक्षीदाराला आपण न्यायालयात बोलावतो, ते त्याला शाल-श्रीफळ देण्यासाठी नव्हे. पोटासाठी भरती झालेल्या माणसाने कुणाचे मीठ खाल्ले आणि त्या मिठाचे त्याला काय वाटले, हे कळल्यावाचून परक्या राज्याचा इतिहास तरी पुरा कसा होणार? राज्यकर्त्याचा दोष त्याच्या मोतद्दाराच्या माथी मारला की खरा धनी अलगद सुटतो.

दुसरे कारण मला याहून मोठे वाटते. लढाई न झालेला शिपाई इतिहासात शून्य ठरतो. आणि आपण देवीपुढे हात जोडतो तेव्हा मागतो तरी काय? लेकरे सुखरूप घरी येवोत, एवढेच ना? ज्या वर्षांत हे मागणे अनेक घरांत खरे झाले, त्या वर्षांना आपण कोरी पाने समजतो. मुलांना फक्त रणांगणाच्या गोष्टी सांगितल्या की न मेलेल्या माणसाचे आयुष्य सांगण्याजोगे नसते, असे ती शिकतात. पहाटेच्या थंडीत आधी घोड्याला पाणी दाखवून मग स्वतः चहा पिणारा माणूस काही तरी चांगले शिकलेला होता. ते चांगलेपण धन्यावर अवलंबून नव्हते.

१९३८ पासून रिसाल्यांचे घोडे काढून गाड्या देण्यास सुरुवात झाली. मार्च १९४२ मध्ये ब्रह्मदेशात तौंगूजवळ कॅप्टन सँडमन यांच्यामागे एक छोटी तुकडी घोड्यांवरून जपान्यांवर चालून गेली. ते बहुतेक सारे पडले. हिंदुस्थानी रिसाल्याचा जमाना तिथे संपलाच म्हणायचा. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि ते पाहण्यासारखे आहे. पण पोलाद जपता येते तशी सवय जपता येत नाही. रिकीब काचेच्या कपाटात राहते. तिच्यात पाय कसा टाकायचा, हे सांगणारा राहत नाही.

ते स्वार आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाबाळांपैकीही थोडीच उरली आहेत. या दिवाळीत माळा झाडताना एखादे पितळी बिल्ल्याचे पुडके, पेन्शनचा पिवळा कागद किंवा घोड्याशेजारी ताठ उभ्या असलेल्या कुणाचा फोटो हाती लागला, तर घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारावे आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, पलटण लिहावी. ठाऊक असेल तेवढेच लिहावे. वीरश्री पदरची घालू नये. घोड्याचे नाव कुणाला आठवत असेल, तर तेही लिहावे.