नळ कधी आहे तुमचा?

मार्च लागला की आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात दोन कामांना ऊत येतो. माळ्यावरचा कूलर उतरवून वाळ्याच्या ताट्या बदलायच्या आणि गच्चीवरची टाकी धुऊन घ्यायची. या कामांना येतात ती बहुतेक पोरंच. कुणी सिल्लोडचं, कुणी भोकरदनचं. औरंगपुरा, खडकेश्वरच्या बाजूला चौघं-पाच जण मिळून खोली करायची, सकाळी अभ्यासिका गाठायची आणि दुपारी हाती येईल ते काम करायचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ची वाट घालून दिली, आपल्या विद्यापीठातही ती योजना चालते. पण कुठल्याच योजनेच्या वहीत नाव नसलेली आणि तरीही कमावत शिकणारी पोरं कितीतरी आहेत.

त्यांची अडचण एकच. काम एकदा मिळतं. तेच घर पुन्हा बोलावत नाही. सल्ले देणाऱ्यांना तोटा नाही. गोड बोल, कार्ड छाप, दुसऱ्यापेक्षा पन्नास रुपये कमी सांग. यातला शेवटचा सल्ला तर मला घातकच वाटतो. पन्नास रुपयांसाठी आलेलं गिऱ्हाईक पन्नास रुपयांसाठीच जातं.

टाकीचंच बघा. जायकवाडीचं धरण इथून सुमारे ५० किलोमीटरवर. नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन २०२० मध्ये झालं, तेव्हा आकडा १,६८० कोटींचा होता. तरी कितीतरी वसाहतींत नळ काही दिवसांआड येतो आणि लोक सगळी कामं सोडून त्याची वाट बघतात. (मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी नहरीने या गावात पाणी खेळवलं होतं, हे आठवलं की जरा ओशाळायलाच होतं.) अशा गावात टाकीतलं पाणी म्हणजे घराची पुंजी. टाकी धुवायला फोन केला की ‘किती लिटरची?’, ‘कितव्या मजल्यावर?’ हे सगळेच विचारतात. ‘काकू, नळ कधी आहे तुमचा?’ असं विचारणारा एखादाच. नळ येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी टाकी धुतली, तर आठवड्याचं पाणी गटारात जातं. नळाच्या आदल्या दिवशी धुतली, तर तळाचं गाळाचं तेवढं जातं.

अशा एका पोराचं काम मी गच्चीवर उभं राहून पाहिलं. आधी त्याने वरचं नितळ पाणी ड्रममध्ये आणि बादल्यांत काढून ठेवलं. तळाशी हातभर पाणी उरलं तेव्हा ब्रश घेऊन आत उतरला. भिंतीला पावडर लावायच्या आधी कोरड्या फडक्याने शेवाळ पुसून घेतलं, कारण ते पाण्यात मिसळलं की धुवायला दुप्पट पाणी लागतं. गढूळ पाणी कुंड्यांना घालायला वेगळं ठेवलं. वर आल्यावर त्याने मोबाइलचा टॉर्च आत धरला आणि घरमालकाला म्हणाला, “काका, वाकून बघा ना.” काका वाकले नाहीत. गुडघे दुखत होते, शिवाय एवढं कोण बघतं?

खरी गोम इथेच आहे. टाकीचा तळ कुणी बघत नाही. वरवर ब्रश फिरवून, दोन बादल्या ओतून पैसे घेतले तरी महिना-दोन महिने कुणाला पत्ता लागत नाही. जवळच्या देवगिरीची गोष्ट आपल्याकडे सांगतात. जनार्दनस्वामींकडे हिशेबाला असताना संत एकनाथांना एका पैचा मेळ लागेना. ते रात्रभर वही घेऊन बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. ती पै कुणी मागितली नव्हती. त्या रात्री त्यांच्यावर कुणाचा पहाराही नव्हता.

कूलरमध्ये तर कुणी न बघणाऱ्या कामाचा हा प्रश्न जिवावर बेततो. पत्र्याचा कूलर, आत पाणी, दमट फरशी आणि घराला अर्थिंग नाही. शॉक लागून माणूस गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात कुठून तरी येतेच. ताट्या बदलल्या, पंप बसवला, पैसे झाले. त्यानंतर टेस्टर लावून बघणं आणि ‘मावशी, आधी वायरमनला बोलवा, तोवर मी हा चालू करून देणार नाही’ असं सांगणं, हे कामात धरलेलं नसतं. मावशी त्या दिवशी वैतागतात. बाहेर बेचाळीस अंश आणि हा पोरगा आपल्याला शिकवतो! पण पुढच्या मार्चमध्ये त्या फोन कुणाला करतील, याबद्दल मला फारशी शंका नाही.

आता थोडं गिऱ्हाइकाबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल. पोरांनी विश्वास कमवावा असं आपण म्हणतो, पण तो आपणही कमवायचा असतो. चांगली पोरं घरं निवडतात. कोणत्या घरी उन्हात प्यायला पाणी मिळतं, कुठे काम संपल्यावर ‘सुट्टे नाहीत रे, पुढच्या वेळी घे’ ऐकावं लागतं, हे त्यांच्या खोलीवर रात्री बोललं जातं. परीक्षा जवळ आली की जी दोन-चार कामं ती घेतात, त्यात आपलं घर असतं की नसतं, हे तिथेच ठरतं.

आणि एक घासाघीस तर बंदच व्हायला हवी. जमिनीतल्या हौदात एकट्याने उतरायचं नसतं. बंद जागा असते, कोंदट हवेने भोवळ येऊ शकते, म्हणून दुसरा वर तोंडाशी उभा लागतो. पोरं दोघांची मजुरी सांगतात ती यासाठी. आपण गेटातूनच म्हणतो, “दोघं कशाला? वरचा तर नुसता उभाच राहणार ना!”