कुलपामागचं पिंप

नालासोपारा पूर्वेला संतोष भुवन भागात एक बैठी चाळ होती. समोरासमोर खोल्या, मध्ये अरुंद गल्ली आणि दारोदारी निळी पिंपं. नळाला रोज पाणी येईलच याची खात्री नसे. आलं की भरून ठेवायचं, हीच इथली रीत.

पाऊस ओसरला आणि चाळीत तापाची साथ शिरली. एका शाळकरी मुलाला डेंग्यू निघाला, पाठोपाठ आणखी दोन घरांत अंथरुणं पडली. सगळ्यांनी गटाराकडे बोट दाखवलं. अर्ज गेला, धुराचं मशीन आलं, गल्ली धुराने भरली. चार दिवस बरे गेले, मग डास पुन्हा हजर.

मग घरोघरी आरोग्याची पाहणी करणाऱ्या आशाताई आल्या, त्या थेट पहिल्या दारातल्या पिंपाकडे गेल्या. पिंप शिवणकाम करणाऱ्या काकूंचं. टॉर्चचा उजेड पडताच पाण्याच्या वरच्या थराला उलट्या लटकलेल्या अळ्या वळवळत तळाकडे पळाल्या.

"अहो, पण पाणी स्वच्छ आहे!" काकू म्हणाल्या.

"म्हणूनच तर. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या भांड्यात अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो आणि तो दिवसा चावतो. धुराने उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या नाही. आणि हा डास फार लांबून येत नाही, काकू. तो इथलाच."

"मग ओतून देऊ? पहाटे चारला उठून भरलंय मी हे."

यावर गल्लीत कोणालाच बोलता येईना. काकूंचं खरंच होतं.

"थेंबही सांडू नका," आशाताई म्हणाल्या. "गाळून घ्या."

सुती कापडातून पाणी बादल्यांत गाळलं. कापडावर उरलेल्या अळ्या कोरड्या, तापलेल्या फरशीवर झटकल्या. मग काकूंनी पिंप आतून काथ्याने खसाखसा घासलं. कारण अंडी पाण्यालगत भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. सुकली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागताच फुटतात. गाळलेलं पाणी परत भरून वर कापड घट्ट बांधलं.

दर रविवारी कोरडा दिवस, म्हणजे पिंपं रिकामी करून घासायचा दिवस, पाळायचं ठरलं. पण दोन-तीन आठवडे झाले तरी डास हटेनात. "एवढं घासून उपयोग काय?" म्हणत काही घरांनी हात झटकले.

काकूंना मात्र आशाताईंचं वाक्य आठवलं : तो इथलाच. त्या एकेक खोली पाहत गल्लीच्या टोकाला गेल्या. शेवटच्या खोलीला कुलूप, घरची माणसं गावी. मागच्या बाजूला उघडं पिंप आणि त्यात अळ्याच अळ्या.

"आले की बघतील ते. आपल्याला काय त्याचं?" कोणीतरी म्हणालं.

"ताप कुलूप बघून येतो का?" काकूंनी विचारलं. त्यांनी घरमालकाला फोन लावला, परवानगी घेतली, पिंप रिकामं करून घासलं आणि पालथं घातलं. पुढच्या रविवारी हात झटकलेली घरंही काथ्या घेऊन बाहेर आली. हळूहळू चाळीतले डास घटले.

तात्पर्य : गटार साफ ठेवणं, फवारणी करणं आणि नियमित पाणी देणं हे पालिकेचं काम आहे, ते तिच्याकडून करून घ्यायलाच हवं. पण पिंपातली अळी आपल्यालाच मारावी लागते, आणि एक पिंप सुटलं तर साऱ्या चाळीची मेहनत वाया जाते. म्हणून येत्या रविवारी आपलं पिंप घासा आणि शेजारच्या बंद खोलीमागेही एकदा बघून या.