सावड की दान?

श्रमदान हा शब्द मला कधी नीट पटला नाही. दान म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली. आमच्याकडची जुनी रीत वेगळी. पेरणी अडली की चार घरं सावड करायची, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. इर्जिक घातलं की दहा-पंधरा औतं एका रानात उतरायची आणि मालक सगळ्यांना जेवू घालायचा. त्यात कुणाचे कुणावर उपकार नव्हते.

२०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी राज्यातले तीनच तालुके होते, त्यात आमच्या साताऱ्याचा कोरेगाव. वेळू गाव पहिलं आलं. दोन वर्षांनी माणातली टाकेवाडी पहिली आली. भर उन्हाळ्यात माणसं टिकाव-खोरं घेऊन डोंगर चढली. काहीजण म्हणाले, बक्षिसासाठी चाललंय सगळं. पण पहिलं बक्षीस एकाच गावाला मिळणार, हे चर खांदणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग बाकीच्या गावांतली माणसं कशाला आली?

आमच्या शिवारातल्या चरावर एक बाई रोज पहाटे पाटी उचलायला यायची. नंतर दिवसभर रोजगार. नावावर गुंठाभर जमीन नाही. मी विचारलं, "वैनी, तुमच्या कुठल्या इहिरीला पाणी वाढायचंय?"

ती म्हणाली, "इहीर नसंना का आण्णा, हंडा तर हाय. आन् रानं भिजली तर रोजगार गावातच मिळंल की. शिवाय सगळं गाव डोंगरावर, मी एकटीच घरी कशी बसू?"

माणसं का येतात, याचं उत्तर मला त्यात मिळालं. थोडा स्वार्थ असतो, थोडी आशा असते, आणि आपण या गावचे आहोत ही भावना असते. त्यातलं काहीच कमी प्रतीचं नाही.

पण खरा प्रश्न पाऊस पडल्यावर सुरू होतो. चर खांदायला सगळं गाव आणि पाणी मात्र ज्याची मोटार मोठी त्याचं, असं झालं तर त्या बाईची सावड फेडली कुणी? तिचे कष्ट आपण दान म्हणून जमा करून घेतले, एवढंच.

सांगली जिल्ह्यानं हा हिशेब फार आधी मांडला होता. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईचे कामगार गावाकडं परतले, वर दुष्काळ. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. लोकांनी येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीजवळ बळीराजा धरण बांधलं. नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला आणि अंगमेहनत घातली. पण मोठी गोष्ट पुढं आहे. ज्याला जमीन नाही त्या कुटुंबालाही पाण्याचा हक्क, असं त्यांनी ठरवलं. त्याला मी सावड म्हणतो.

पुढच्या उन्हाळ्यात गावानं हाक मारली तर ती बाई येईल की नाही, हे यंदाचं पाणी कुणाच्या रानात गेलं त्यावर ठरणार. नाही आली, तर लोक स्वार्थी झाले म्हणण्याआधी आपली मोटार किती तास चालली ते आपणच मोजावं.