वृद्धसेवा : दान की ऋण?

घरातील वृद्ध माता किंवा पिता अंथरुणाला खिळला, की गृहस्थाच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. शासन गरीब वृद्धांस निवृत्तिवेतन देते, काही ठिकाणी पंचायत घरी परिचारिका धाडते. तर मग पुत्रासाठी काय उरले? आणि परक्याकडून अशी सेवा घेणे ही कर्तव्यात कसूर तर नव्हे? पहिल्या प्रश्नात आळस दडलेला असतो, दुसऱ्यात अभिमान. दोहोंचाही निर्णय शांत चित्ताने केला पाहिजे.

या सेवेचे एक उत्तम उदाहरण केरळात आहे. १९९३ साली कोझिकोड येथील वैद्यकीय महाविद्यालयात असाध्य रोग्यांच्या वेदना शमविण्यासाठी काही डॉक्टरांनी आणि नागरिकांनी एक लहानसे केंद्र उघडले. परंतु ज्यांना त्याची सर्वाधिक गरज, त्यांना तेथवर येताच येईना. तेव्हा सेवाच घरोघर निघाली. गावोगावच्या सामान्य माणसांनी शिक्षण घेऊन पथके बांधली. २००८ साली राज्य शासनाने या कार्यासाठी धोरण जाहीर केले, आणि पंचायतींच्या आश्रयाने परिचारिका घरी जाऊ लागल्या. त्या अंथरुणामुळे झालेल्या जखमा धुतात, लघवीची नळी बदलतात आणि रोग्याची कूस कशी पालटावी हे घरच्यांना शिकवितात.

ही सेवा म्हणजे खरे दान होय. श्रीगीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना, ज्याच्याकडून परतफेड व्हावयाची नाही अशास दिलेले ते दान, असे म्हटले आहे. उठूनही बसू न शकणारा वृद्ध परक्या परिचारिकेस काय परत देणार?

पुत्राची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या बाबतीत परतफेड आधीच होऊन चुकली आहे. ज्या हातांनी त्याला न्हाऊ घातले, तेच हात आता थरथरत आहेत. म्हणून पुत्राने केलेली सेवा हे दान नव्हे. ती ऋणाची फेड आहे. ऋणकोच्या दारी एखादा दाता आला, म्हणून ऋणपत्र फाटत नाही.

२००७ च्या केंद्रीय कायद्याने आईवडिलांचा निर्वाह मुलांवर बंधनकारक केला, आणि वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास सांगितला. कायदा अन्नवस्त्र मिळवून देईल. परंतु मध्यरात्री उशाशी बसून पाण्याचा घोट देण्याची आज्ञा कोणते न्यायासन करील? परिचारिका काही दिवसांनी एकदा येते. दर दोन तासांनी कूस पालटणारा हात घरचाच असावा लागतो.

अठराव्या अध्यायात नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग तामस, आणि शरीरास कष्ट होतील या भयाने केलेला त्याग राजस म्हटला आहे. आता परिचारिका आहे, असे म्हणून पित्याच्या खोलीत पाऊल न टाकणाऱ्याने आपला त्याग यांपैकी कोणता, हे स्वतःस विचारावे. ज्याने सारा भार पत्नीवर सोपविला आणि स्वतः मातृभक्त म्हणवून घेतले, त्यानेही तेच विचारावे. सुनेच्या श्रमाने पुत्राचे ऋण फिटत नाही.

उलट, लोक काय म्हणतील या भयाने जो मदत नाकारतो, तो आपल्या प्रतिष्ठेसाठी वृद्धाची जखम चिघळू देतो. अर्जुनासारख्या वीरानेही सारथ्य स्वीकारले होते. त्याने त्याचे युद्ध दुसऱ्याचे झाले नाही. ज्याला व्रण धुता येत नाही, त्याने तो धुणाऱ्यास आदराने घरात घ्यावे, जवळ उभे राहून शिकावे, आणि ती गेल्यावर शिकलेले करावे.

ज्या वृद्धाचे कोणीच नाही, त्याचे ऋण गावावर आहे. कारण त्याने लावलेल्या झाडांची सावली गावच भोगीत असते. ज्याचे पुत्र आहेत, त्याच्या उशाशी मात्र पुत्राची जागा मोकळी राहू नये. ती जागा दुसऱ्या कोणासही भरून काढता येत नाही.