मामांचा पगार

दुसऱ्याचा पगार हा आपल्या मध्यमवर्गाचा आवडीचा विषय. तो तोंडावर विचारायचा नाही एवढी सभ्यता आपण पाळतो. पण जावयाचा, शेजाऱ्याचा, पुतण्याच्या साहेबाचा आकडा शंभर-दोनशेच्या फरकानं प्रत्येकाला ठाऊक असतो. पोलिसाचं मात्र उलट आहे. त्याचा पगार सरकार छापून जाहीर करतं आणि त्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. "पगाराला हात कशाला लावतायत ते!" असं आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा डोळा मिचकावून सांगतात. अण्णांना एकही पोलीस ओळखत नाही, ही त्यांची आयुष्यातली मोठी कमाई आहे.

तरी छापील आकडे बघावेत. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात महाराष्ट्रातल्या पोलीस शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं, फौजदाराचं ३८,६०० पासून, आणि शिडीच्या टोकाला महासंचालकांना २,२५,०००. वर भत्ते : महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, धुलाई भत्ता. सरकारी भत्त्यांची यादी वाचताना मला नेहमी वाटतं, की ती करणारा गृहस्थ जुन्या काळात शांत झोपलेला आहे. उत्तर प्रदेशात पोलिसांना सायकल भत्ता २०० रुपये मिळे. त्याऐवजी ५०० रुपयांचा मोटारसायकल भत्ता जाहीर झाला तो २०२२ साली. म्हणजे तोपर्यंत चोर पायी पळतो, अशी खजिन्याची समजूत असावी.

शिपायाचं सुरुवातीचं मूळ वेतन तीस दिवसांत वाटलं तर रोजचे ७२३ रुपये होतात. अनंत चतुर्दशीला पुण्यात मिरवणूक चोवीस तास ओलांडते, तेव्हा त्या हिशेबानं तासाला तीस रुपये. अशाच एका पहाटे लक्ष्मी रोडवर एका मामांना मी विचारलं, "कधीपासून उभे आहात?"

"काल सकाळपासून, साहेब."

"आणि घरचा गणपती?"

"दीड दिवसाचा असतो. बायकोनंच पोचवला. आपली ड्यूटी होती ना!"

हे 'मामा' प्रकरणही मजेचं आहे. आईचा भाऊ भाच्याकडे काही मागत नाही, उलट देतच असतो. त्यामुळे एकदा मामा म्हटलं, की त्याच्या पोटापाण्याची चौकशी करण्याचं कारण उरत नाही.

पगाराचा आणि सचोटीचा संबंध काय, हा प्रश्न कौटिल्यालाही पडला होता. अर्थशास्त्रात त्यानं हुद्द्याप्रमाणे वेतनं लिहून ठेवली आहेत. मंत्री, पुरोहित, सेनापती यांना ४८,००० पण. अगदी खालच्या नोकराला ६० पण. वरच्यांना एवढं का, तर त्यांना कोणी फितवू नये म्हणून. हिशेब चोख आहे. पण मग ६० पणवाल्याला कशानं आवरायचं? त्याच्यासाठी हेर आणि दंड! वरच्याची सचोटी पगारानं, खालच्याची धाकानं. आज आपण पुष्कळ सुधारलो. तेव्हा टोकांमधलं अंतर आठशे पट होतं, आता साडेदहा पटीच्या आत आलं. अपेक्षा मात्र आपण कधीच कमी केली नाही. शिपायाचा प्रामाणिकपणा महासंचालकांच्या प्रामाणिकपणाइतकाच अस्सल हवा, त्यात पटीचा हिशेब नाही.

पगार वाढवला की लाच थांबते, असं म्हणणं सोपं आहे. पण सचोटी जर पगारानं विकत मिळत असेल, तर जास्त बोली लावणारा ती विकत नेणारच. मला वाटतं, पगार ही सचोटीची किंमत नव्हेच. घरात मुलाची फी थकलेली असताना माणसाची रोज परीक्षा होऊ नये, एवढ्यासाठी तो असतो. रोज परीक्षा घेतली तर हरिश्चंद्रसुद्धा एखाद्या मंगळवारी नापास होईल.

आणि कमी पडतं हे शिपायानं सांगायचं कुठे? १९७७-७८ साली महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी ५४ दिवस संपावर गेले होते. पोलिसाला ती सोय नाही; १९६६ च्या कायद्यानं त्याच्या संघटनेवर बंधनं आहेत. १९८२ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढली, मुंबईत शिपाई खवळले आणि त्यांना आवरायला लष्कर बोलवावं लागलं. शिस्तीच्या दलाला संप परवडत नाही, हे मलाही मान्य आहे. पण ज्याला मागण्याची बंदी आहे, त्याचं न मागता बघण्याची जबाबदारी कोणावर तरी येते. ती सरकारवर येते हे अण्णांना एकदम पटतं. ती आपल्यावरही येते म्हटलं, की त्यांना चहाची आठवण होते.

येते ती अशी. लाच घेणाऱ्या हाताचं आपण इतकं वर्णन करतो, की समोर दुसरा हात होता हे विसरूनच जातो. कायद्यानं तो २०१८ साली ध्यानात घेतला. देणाराही आता थेट गुन्हेगार ठरतो. म्हणजे परवाना खिशात ठेवणं, तांबड्या दिव्याला थांबणं, हासुद्धा एक भत्ताच झाला. मामांची त्या दिवसाची एक परीक्षा आपण वाचवतो, आणि त्यासाठी खजिन्याची मंजुरी लागत नाही.

अण्णांनी यावर बराच विचार केला. तांबड्या दिव्याला ते थांबायला तयार आहेत. फक्त मागच्यानं हॉर्न वाजवता कामा नये.